लायमनच्या खुणा

"माझं घर तेवढं त्या पुस्तकात घालू नकोस, पोरी," किझाया मावशी म्हणाली होती. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा मटार सोलता सोलता, दुसऱ्यांदा थर्झाला ताकाचा पेला देताना, आणि तिसऱ्यांदा फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा, थर्झाचा दंड धरून.

थर्झा हसली होती. "का हो मावशी? घर पळून जाईल का?"

"घर कुठं जातंय! लोक येतील."

"येऊ देत की. मक्याचा पाव खातील, तुमच्या विहिरीचं पाणी पितील आणि जातील."

"तू कॉलेजात शिकलीस खरी," मावशी म्हणाली, "पण जत्रेहून परत येणारी माणसं तू नीट बघितलेली दिसत नाहीस. काहीतरी हातात घेऊनच येतात सगळी."

तेवढ्यात बाबागाडीत नेटीला ठसका लागला आणि थर्झाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. पाच महिन्यांच्या त्या पोरीचा प्रत्येक खोकला थर्झा मोजायची. कोरडा की ओला, छातीतून की घशातून, कालच्यापेक्षा जास्त की कमी. मावशीचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करून ती गाडी ढकलत गावाच्या रस्त्याला लागली. वहीत तिने चार पानं भरून लिहून घेतलं होतं, आणि ती खुशीत होती.

ते पुस्तक म्हणजे जनरलचं चरित्र. ओहायोतल्या एल्डन फॉल्समध्ये जनरल म्हटलं की एकच माणूस. लढाईत घोड्यावरून पडून एक पाय अधू झालेला, त्याआधी शाळामास्तर, नंतर वकील, मग चौदा वर्षं काँग्रेसमध्ये, आणि त्या उन्हाळ्यात पक्षाने अध्यक्षपदासाठी उभा केलेला. उमेदवार उभा राहिला की त्याचं चरित्र निघायचंच. आठ आठवड्यांत लिहायचं, दोन आठवड्यांत छापायचं आणि आगगाडीच्या डब्याडब्यातून विकायचं. सिनसिनाटीच्या प्रकाशकाला गावातलंच कुणीतरी हवं होतं, आणि प्रचार समितीचे मेजर स्ट्रिकलंड स्वतः थर्झाच्या, म्हणजे बर्डिकांच्या, जिन्याच्या पायऱ्या चढून आले होते. तो जिना सोपा नव्हता. थर्झा आणि तिचा नवरा वॉरन राहायचे ते खोगीरवाल्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत. खालून चामड्याचा वास आणि भिंतींतून ओल. उत्तरेच्या भिंतीवरचा कागद थर्झाने दोनदा चिकटवला होता, दोनदा गळून पडला होता. तिथेच नेटीचा पाळणा होता, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

"बर्डिकबाई," मेजर म्हणाले होते, "पुस्तक छान झालं आणि जनरल निवडून आले, तर वॉरनसारख्या हुशार माणसाला शाळेत पोरांच्या पाट्या पुसत बसावं लागणार नाही. पश्चिमेला सरकारी जमिनीच्या कचेऱ्या उघडताहेत. डाकोटाची हवा म्हणजे काय हवा आहे! कोरडी. लहान मुलांच्या छातीला अमृत."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

फक्त एक अडचण होती. जनरल जन्मले ते त्यांच्या वडिलांच्या लोकरीच्या गिरणीमागे, विटांच्या, दोन धुराड्यांच्या घरात. आणि मतदाराला हवा असतो ओंडक्यांच्या घरातला अनवाणी मुलगा. आधीच्या कितीतरी उमेदवारांना तसं घर सापडलं होतं, मग आपल्यालाच का नाही, असं मेजरचं म्हणणं. शोधता शोधता किझाया मावशी सापडली. जुन्या टोलनाक्याच्या पुढे ओंडक्यांच्या घरात एकटी राहणारी, साऱ्या गावाची मावशी, सत्तरीची विधवा, डाव्या कानाने कमी ऐकणारी. जनरल नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आईला विषमज्वर झाला, तेव्हा ते मावशीकडे राहायला आले होते. अकरा आठवडे.

"सलगम खायचा नाही मेला," मावशीने मटार सोलताना सांगितलं. "रात्री आईसाठी रडायचा. माझ्या लायमनने त्याला आपला बिछाना दिला नि स्वतः चुलीपाशी निजला. लायमन त्याच्यापेक्षा वर्षाने लहान, पण दोन बोटं उंच. तुझ्या जनरलला ते अजिबात खपायचं नाही. रोज चौकटीला पाठ लावून उभा राहायचा, वाढलो का म्हणून विचारायचा!"

दाराच्या चौकटीचं उभं लाकूड ओकचं होतं, काळंभोर. त्यावर चाकूने पाडलेल्या खुणा होत्या. लायमनच्या दर वाढदिवसाला एक, दुसऱ्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. सतरा. थर्झाने नेटीला कडेवर घेऊन एकेका खुणेवरून बोट फिरवलं होतं. अठरानंतर खूण नव्हती. अठराव्या वर्षी लायमन, जनरल होते त्याच रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि टेनेसीत एका नदीच्या उतारावर लढाईत कायमचा राहिला.

थर्झाने हे सगळं लिहिलं. लायमनचा बिछाना, दोन बोटांची उंची, नदीचा उतार. तिला ते प्रकरण फार आवडलं होतं. मेजरनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पेन्सिलीने तीन परिच्छेदांवर आडवी रेघ ओढली.

"एका पुस्तकात एकच मुलगा मोठा होऊ दे, बर्डिकबाई."

"पण खुणा लायमनच्या आहेत, मेजर."

"जनरल त्या चौकटीपाशी उभे राहिले होते की नाही?"

"राहिले होते."

"झालं तर मग! त्या खुणा जनरलच्या. कुणाला वाईट वाटणार आहे? लायमनला?"

आतल्या खोलीतून नेटीचा खोकला ऐकू आला, छातीतला. मेजरनी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि पेन्सिल खिशात ठेवली. त्या आठवड्यात थर्झाने ते प्रकरण पुन्हा लिहून काढलं, स्वतःच्या स्वच्छ, वळणदार अक्षरात. *टोलनाक्याच्या पुढे ते ओंडक्यांचं घर आजही उभं आहे. त्याच्या दाराच्या चौकटीवर बाल जनरलच्या उंचीच्या खुणा वर्षावर्षाला वर चढत गेलेल्या दिसतात.* वाक्य चांगलं उतरलं होतं. वॉरनने वाचून मान डोलावली, आणि लाज वाटायची ती थर्झाला त्या वेळी वाटली नाही. तिला बरं वाटलं. पुढे जेव्हा जेव्हा तिला तो दिवस आठवायचा, तेव्हा तिला हेच सगळ्यांत टोचायचं.

जुलैपासून गाड्या सुरू झाल्या. जनरल प्रचाराला कुठे जात नसत, देशच त्यांच्या व्हरांड्यापाशी येई. सकाळी कुंभारकाम करणाऱ्यांचा जथा, दुपारी रेल्वेच्या फिटरांचा, शनिवारी लोकरवाल्यांचा, प्रत्येकाचा आपापला बँड. जनरल बाहेर येत, काठीवर भार देऊन पाव तास बोलत, हात मिळवत, आत जात. लोकांचं तेवढ्याने भागत नसे. आधी हिरवळ गेली, मुठीमुठीने उपटून. मग कुंपणाच्या पट्ट्या गेल्या. मग व्हरांड्याच्या कठड्याचे ढलपे. जनरलच्या पत्नीने शेवटी उरलेलं कुंपण स्वतःच काढून ठेवलं. गावाला याचं हसू यायचं, अभिमानही वाटायचा. ज्याची काठी, टोपी, फाटक लोक पळवतात तो माणूस निवडून येतोच, असं वाण्याच्या दुकानात बोललं जायचं.

स्टेशनवर थर्झाचं पुस्तक पंचवीस सेंटांना मिळे. घोडागाड्यांचा तबेला चालवणाऱ्या हँकने ऑगस्टमध्ये दोन लांब गाड्यांवर पाट्या लावल्या आणि स्टेशनबाहेर ओरडायला लागला, "जनरलचं घर! खरं घर! येऊन जाऊन वीस सेंट! ओंडके बघा, खुणा बघा!"

थर्झाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती नेटीला घेऊन पायी निघाली. नाक्यापासूनच गर्दी दिसली. चाळीसेक माणसं असतील. एक जण सोनचाफ्यासारखं पिवळं जाकीट घालून छपराची लाकडी फळी उचकटत होता, दुसरा ओंडक्यांमधली माती खिशातल्या चाकूने कोरून रुमालात बांधत होता. विहिरीची बादली नव्हती, नुसता दोर लोंबत होता. आणि मधोमध किझाया मावशी, हातात झाडू.

"अहो बाई, तुम्हीच का जनरलच्या आई?" पिसांची टोपी घातलेल्या एका बाईने विचारलं.

"मी त्याला सलगम खायला लावणारी बाई," मावशी म्हणाली. "आणि ते जाकीटवाले तुमचेच का? त्यांना सांगा, छपराखाली मी झोपते."

"एकच फळी हो! आमच्या बंधुमंडळाच्या लॉजमध्ये काचेखाली ठेवणार आहोत."

"काल एकच होती, परवाही एकच होती. तुमच्या लॉजच्या छपराची एक आणून द्या मला, काचेशिवाय चालेल."

लोक हसले. मावशीची मजा वाटत होती त्यांना. पिसांच्या टोपीच्या बाईने आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला चौकटीला पाठ लावून उभं केलं, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक धरलं आणि मोठ्याने वाचलं, "बाल जनरलच्या उंचीच्या खुणा वर्षावर्षाला वर चढत गेलेल्या..." थर्झाचं वाक्य. एकही शब्द न चुकता.

मावशीने त्या बाईच्या खांद्यावरून पाहिलं तेव्हा तिला रस्त्यावर बाबागाडीशी उभी असलेली थर्झा दिसली. दोघींची नजरानजर झाली. मावशीने हाक मारली नाही, झाडू उचलला नाही, काही नाही. नुसती पाहत राहिली, आता ही काय करते ते बघू, अशी.

थर्झाने गाडी वळवली. रस्त्यात धूळ होती, नेटीला धूळ चालत नव्हती, हे खरं होतं. घरी येईपर्यंत तिने ते स्वतःला दहा वेळा सांगितलं.

सप्टेंबरात खालच्या वाडीत घटसर्पाने दोन मुलं गेली. थर्झाने खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दारात गंधकाची वाटी ठेवली, कुणालाही वर येऊ दिलं नाही. टोलनाक्याकडे जाणं तर शक्यच नव्हतं. तिची भीती खोटी नव्हती. पण भीतीच्या आड उभं राहायला किती सोयीचं असतं, हेही तिला कळत होतं. वॉरनने एकदा विचारलं, "मावशीकडे जाऊन येऊ का मी? लोक फार त्रास देतायत म्हणे." थर्झा म्हणाली, "घटसर्प ओसरू दे." घटसर्प ओसरला ऑक्टोबरात. मग ती म्हणाली, "निवडणूक होऊ दे."

निवडणूक झाली. जनरल जिंकले. गावात डांबराची पिंपं पेटली, चर्चच्या घंटा दोर तुटेपर्यंत वाजल्या. नंतर आठवड्याभरात गाड्या थांबल्या, हँकने पाट्या काढल्या, थंडी पडली. आणि एका संध्याकाळी वॉरन शाळेतून आला तो कोट न काढता दारातच उभा राहिला.

"मावशीच्या दाराची चौकट कापून नेलीय कुणीतरी."

"म्हणजे?"

"म्हणजे करवतीने. एका बाजूचं उभं लाकूड, वरपासून खालपर्यंत. ती चर्चला गेली होती तेव्हा. दार एका बिजागरीवर लोंबतंय, तिने घोंगडी टांगलीय."

"कोण? कुठल्या जथ्याने?"

"जथे आता कुठं येतात, थर्झा?"

वॉरन रविवारी फळ्या आणि खिळे घेऊन गेला. पाइनची फळी ठोकून दार कसंबसं बसवून आला. थर्झाने त्याच्याबरोबर मुरांब्याची बरणी दिली. स्वतः गेली नाही. "काय म्हणाली?" तिने विचारलं. वॉरन म्हणाला, "धन्यवाद म्हणाली. तुझ्याबद्दल विचारलं नाही." जरा थांबून म्हणाला, "नेटीबद्दल विचारलं."

डिसेंबरात मेजर पुन्हा जिना चढून आले. दोन ओळी हव्या होत्या, चांदीच्या पट्टीवर कोरायला. "जनरलना गावाकडून भेट द्यायचीय. लहानपणाची आठवण वगैरे. तुमच्यासारखं कोण लिहिणार?" कशावर कोरायच्या, ते थर्झाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढे तिने स्वतःलाच खोदून खोदून विचारलं, तुला खरंच सुचलं नव्हतं? तिला उत्तर माहीत होतं. सुचलं होतं, आणि विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत, जनरल वॉशिंग्टनला निघायच्या आदल्या दुपारी, नगरगृहात समारंभ झाला. झेंडे, बँड, पहिल्या रांगेत समिती आणि त्यांच्या बायका. थर्झालाही पहिल्या रांगेत बसवलं होतं, वॉरनच्या मांडीवर नेटी. मेजरनी मखमलीची पेटी उघडली. आत लाकडी हातोडी होती, सभेत शांतता राखायला आपटतात तसली, पॉलिश करून काळी चकचकीत केलेली, मुठीवर चांदीची पट्टी.

"ज्या चौकटीपाशी हा मुलगा वाढला," मेजरचा आवाज भरून आला होता, "त्याच चौकटीचं हे लाकूड! कुणा परक्याच्या हाती लागू नये म्हणून आम्ही ते वेळेवर सुरक्षित हलवलं. उरलेल्या लाकडाच्या काठ्या नि बटणं समितीच्या सभासदांना दिली आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेजरनी थर्झाच्या दोन ओळी वाचून दाखवल्या, मग तिच्याकडे हात करून म्हणाले, "आणि ही आमची लेखिका!" लोक वळून पाहायला लागले. तिच्या शेजारच्या बाईने तिचा हात दाबला.

जनरलनी हातोडी हातात घेतली, फिरवून पाहिली. हातोडीच्या डोक्यावर सुताराने खुणा मुद्दाम राखल्या होत्या. दोन, अगदी जवळजवळ, मधे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. जनरलनी त्यांवरून अंगठा फिरवला. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवू पाहताहेत अशी. थर्झा वाट पाहू लागली. आता म्हणतील, हे माझं नव्हे. म्हणतील, त्या घरात आणखी एक मुलगा होता.

"या हिशेबाने," जनरल म्हणाले, "त्या वर्षी मी फारसा वाढलेला दिसत नाही. आमचे विरोधक तर म्हणतात अजूनही नाही!"

सगळं नगरगृह हसलं. जनरलही हसले. थर्झाने टाळ्या वाजवल्या. तिचे हात वाजत होते, हातमोज्यांतून तो आवाज तिला ऐकू येत होता, आणि तिला ते थांबवता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेटीला वॉरनपाशी ठेवलं. तिला सोडून ती घराबाहेर पडली होती ती पहिल्यांदाच. बर्फ नडगीपर्यंत होतं. मावशीचं घर लांबून पाहिलं तर एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीसारखं दिसत होतं, पिसं उपटलेलं. छपरावर जागोजागी गोणपाट, ओंडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे. वर्तमानपत्रांवर जनरलचे फोटो होते.

दार खाली घासत होतं. थर्झाने ते उचलून लोटलं. मावशी चुलीपाशी बसली होती, अंगावर दोन शाली आणि नवऱ्याचा जुना कोट.

"ये," ती म्हणाली. "दार लाव. लागेल तेवढं."

थर्झा उभीच राहिली. येताना वाटेत तिने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. कॉलेजात तिला वक्तृत्वाचं बक्षीस होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मावशी, मेजरने नेलं."

"ठाऊक आहे. करवत त्याच्या लाकूड कापायच्या गिरणीची होती. आमच्या पाद्र्याने बघितली गाडीत."

"त्याची हातोडी केली. काल जनरलना दिली. मी तिथे होते." आणि मग, ते सांगितल्याशिवाय पाय निघणार नाही हे ओळखून, "मी टाळ्या वाजवल्या. वरचं लिहिलेलंही माझंच होतं."

मावशीने चिमट्याने लाकूड सारखं केलं. मग दुसरं पुढे ओढलं. थर्झाला वाटलं, डावा कान असेल इकडे, ऐकू आलं नसेल. ते सगळं पुन्हा म्हणावं लागणार होतं.

"खूण होती का त्यावर?" मावशीने विचारलं.

"काय?"

"हातोडीवर. खूण होती का? किती?"

"दोन होत्या. जवळजवळ. एवढ्या." थर्झाने अंगठा आणि बोट धरून दाखवलं.

मावशीने त्या दोन बोटांकडे वाकून पाहिलं, सुईत दोरा ओवावा तसं.

"मग सहा आणि सात," ती म्हणाली. "सातव्याला त्याला लाल पुरळाचा ताप आला होता. वर्षभर वाढला नाही पोर. मी म्हटलं, उगाच कशाला खूण पाडायची, तर रडायला लागला. मग पाडली." तिने चिमटा भिंतीला टेकवला. "सहा आणि सात वॉशिंग्टनला गेले म्हणायचे. बाकीचे काठ्यांत नि बटणांत."

थर्झा रडायला लागली. मावशीने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही, रागेही भरली नाही. पातेल्यात बटाटे टाकले, झाकण ठेवलं.

"मावशी, तुम्ही आमच्याकडे चला. आजच."

"खोगिरांवर? त्या ओल्या भिंतीत पोरीच्या पाळण्याशेजारी मला टांगणार का? आणि एप्रिलनंतर कुठं नेणार मला? डाकोटाला?"

थर्झाने चमकून पाहिलं.

"अगं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. जनरल मार्चमध्ये शपथ घेणार, वॉरनला जमिनीची कचेरी मिळणार. कोरडी हवा आहे म्हणे." मावशीच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच थर्झाला सहन होईना. "जा. पोरीची छाती जप. तुला वाटलं असेल मी कुणाला दोष देत बसलेय. मी बसलेय कारण गुडघा धरलाय."

"मी दुरुस्त करीन. नव्या आवृत्तीत सगळं खरं लिहीन. लायमनचं नाव..."

"ते तू लिहिलंस तेव्हा मला वाचून दाखवलं होतंस, जूनमध्ये. बिछान्याचं नि सगळं. चांगलं होतं." मावशीने तिच्याकडे पाहिलं. "मी तुला काय सांगितलं होतं गं?"

"घर घालू नकोस म्हणून."

"हं," मावशी म्हणाली. "बटाटे खाऊन जा."

थर्झाने त्याच दिवशी नऊ पानं लिहून सिनसिनाटीला पाठवली. विटांचं घर, अकरा आठवडे, सतरा खुणा कुणाच्या ते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, फार अदबीचं. नव्या आवृत्तीचे छपाईचे ठसे ओतून झाले आहेत, बदल करणं आता शक्य नाही. शिवाय वाचकांना ते घर अत्यंत प्रिय झालं आहे. सोबत लेखिकेसाठी वीस प्रती, सोनेरी कडांच्या. त्याच टपालाने वॉरनचं नेमणूकपत्र आलं.

वॉरनने ते टेबलावर ठेवलं आणि थर्झाकडे पाहिलं. "नाही म्हणू या?" त्याने विचारलं. त्याला खरंच विचारायचं होतं.

आतून नेटी खोकली. दोघांनीही तो ओळखीचा खोकला ऐकला, आणि थर्झा म्हणाली, "ट्रंका माळ्यावर आहेत. खाली काढ."

निघायला पंधरा दिवस उरले होते. वॉरनने दोन रविवार मावशीच्या छपरावर घालवले, फटी मातीने लिंपल्या, पाइनच्या फळीच्या जागी बीचचं लाकूड बसवलं. तरी दार खाली घासतच राहिलं. घरच कललं होतं, त्याला तो काय करणार. थर्झाने पाद्र्यांना सांगितलं, शेजारच्या शेतावरच्या बाईला सांगितलं, दोघंही हो म्हणाले. ज्या सुरात ती स्वतः सप्टेंबरात 'घटसर्प ओसरू दे' म्हणाली होती, त्याच सुरात.

शेवटच्या आठवड्यात नेटी ट्रंकेला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच. वॉरनने आनंदाने पेन्सिल काढली आणि तिला दाराच्या चौकटीशी न्यायला लागला. "नको," थर्झा एकदम ओरडली. नेटी दचकून खाली बसली. वॉरनने पेन्सिल मुकाट्याने खिशात घातली. ती खिशात गेल्यावर थर्झाने पुन्हा मागून घेतली आणि टोक काढलं.

मग ट्रंकेवर वीस प्रती रचून, ऊन खिडकीतून सरकून जाईपर्यंत, ती एकेका प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहीत बसली. त्यांतल्या अठरा ती स्टेशनवरच्या पुस्तकविक्याकडे फुकट ठेवून देणार होती. एक पाद्र्यांना, एक वॉशिंग्टनला. प्रत्येक प्रतीत तेच शब्द, तेच वळणदार अक्षर. वळणदार अक्षराचा तिला आता तिटकारा आला होता, पण तिच्याकडे दुसरं नव्हतं.

*हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांना. पान एकतीसवरचं लिहिलेलं खरं नाही, आणि ते खोटं मी लिहिलं आहे. ते घर किझाया डिलवर्थ यांचं आहे. चौकटीवरच्या खुणा त्यांचा मुलगा लायमन याच्या होत्या. आता तिथे एकही उरलेली नाही, म्हणून त्या बघायला जाऊ नका. पण एल्डन फॉल्सला उतरलात तर जा. जुना टोलनाका ओलांडला की डावीकडे. तिथून काही उचलू नका, जाताना जमलं तर लाकडाची एक मोळी घेऊन जा. सकाळी आठनंतर धुराड्यातून धूर दिसला नाही, तर दार जोरात वाजवा, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. तरीही उत्तर आलं नाही, तर थांबू नका. दार खाली घासतं, ते थोडं वर उचलून लोटा, आणि आत जाऊन त्यांना बघा.*